वायर कुठवर जाते

"बाई, ही वायर कुठवर जाती?"

सगुणाने हे विचारलं तेव्हा आमची सकाळची शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मी दुसरीच्या वर्गात बसून दुपारच्या पाठाचे तक्ते रंगवत होते. ती चपला बाहेर काढून दारात उभी होती आणि तिची मुलगी अलका, माझ्याच वर्गातली, आईचा पदर धरून माझ्या रंगाच्या बाटल्यांकडे बघत होती.

"कुठली वायर?"

"तुमी टीव्हीत दिसता ती."

मला हसू आलं. "केबलची होय? वेशीच्या कमानीपर्यंत. त्यापुढे रमजानभाईंचे खांबच नाहीत. का गं?"

"म्हंजी पल्याडच्या गावात दिसत न्हाय."

"नाही. मी आपली फक्त चांदवणीची."

ती थोडी सैल झाली. आत आली, खाली बसली आणि ओटीतून एक टेंभुर्णीचं पान काढून तिनं माझ्यापुढे धरलं. पानावर खिळ्यानं अक्षरं कोरली होती. 'नाशिक'. शि जरा तिरका पडला होता, पण नाशिक म्हणजे नाशिकच होतं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. तेव्हा मी तिशीत होते आणि स्वतःवर खूश होते. आज निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्या वर्षात मी काय केलं ते लोकांनी मला पुष्कळदा सांगितलंय, हार घालून सांगितलंय. जे मी कधीच कुणाला सांगितलं नाही ते हे आहे.

चांदवणी हे विड्यांचं गाव. घरोघर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. साक्षरतेची मोहीम आली, शाळेत प्रौढांचे वर्ग निघाले, कंदील आले, पाट्या आल्या, आणि वर्गात मी आणि कंदील दोघंच बसायला लागलो. बायका म्हणायच्या, "बाई, हात मोकळं नसत्यात. डोळं मोकळं असत्यात." ते खरंच होतं. हात विडी वळत असताना डोळे टीव्हीवर असायचे. गावात रमजानभाई तांबोळींनी नुकतीच केबल आणली होती. त्यांच्या कॅसेटच्या दुकानावर एक खोली होती, तिला ते ऐटीत कंट्रोल रूम म्हणायचे. तिथे दुपारी अडीचला जुना सिनेमा लागायचा. मी त्यांना म्हटलं, सिनेमाच्या आधी मला अर्धा तास द्या. ते म्हणाले, "बाई, सिनेमाच्या आधी नको. मधेच देतो. हिरोईन संकटात सापडली की थांबवतो आणि तुम्हाला लावतो. उठून जाणार कोण?"

असा आमचा वर्ग सुरू झाला, आठवड्यातून तीन दिवस. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, एक फळा, एक मी. पहिल्या आठवड्यात बायकांनी मला शिव्या घातल्या, दुसऱ्या आठवड्यात त्या विडीसाठी कातरलेल्या टेंभुर्णीच्या पानांच्या तुकड्यांवर खिळ्यानं अक्षरं काढायला लागल्या. पाटी कुणी घेतलीच नाही. पानाचे तुकडे सुपात पडलेलेच असायचे.

पाठाचं शेवटचं एक मिनिट मी गप्प बसायचे. फळ्यावर एका बाईचं नाव लिहायचं, बाजूला व्हायचं, आणि रमजानभाई आवाज बंद करून कॅमेरा नुसता फळ्यावर धरायचे. मी नाव वाचून दाखवायची नाही. ज्याला येतं त्यानं वाचायचं. त्या मिनिटात आळीआळीतून बायकांचे आवाज यायचे, अडखळत, एकमेकींना दुरुस्त करत. रमजानभाई खिडकी उघडून मला ऐकवायचे. "आज कुणाचं नाव निघालं?" हा गावात ठरलेला प्रश्न झाला. जिचं निघे ती साखर वाटायची.

नाव मी पूर्ण लिहायची. बाईचं, तिच्या नवऱ्याचं, आडनाव. सगुणा जिच्याकडे टीव्ही बघायला बसायची ती शेजारची ठकूबाई विधवा होती. तिचं नाव निघालं तेव्हा मधलं नाव बघून ती धाय मोकलून रडली. नवरा जाऊन एकवीस वर्षं झाली होती आणि त्याचं नाव कसं दिसतं हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. मला भेटून म्हणाली, "बाई, दोघं शेजारी बसल्यावानी दिसलो." त्या दिवसापासून तर माझी खात्रीच पटली की अर्धं नाव लिहिणं म्हणजे बाईला अर्धं ठेवणं.

सगुणा जूनमध्ये गावात आली होती. अलकाला शाळेत घालायला माझ्याकडेच आली. दाखला नव्हता, वय बघून दुसरीत बसवलं. मी रजिस्टर उघडून विचारलं, "बापाचं नाव?" सगुणा खाली बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. ती जमिनीवरची फरशी मोजत होती. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी रोज बघत होते, तेव्हा मी चेष्टेनं म्हटलं, "उखाण्यात घे हवं तर, मी लिहून घेते." तेवढ्यात अलका मोठ्यानं म्हणाली, "मदन कोठुळे." सगुणानं मुलीकडे असं पाहिलं की कुणालाही वाटावं, आता हिला घरी जाऊन मार बसणार. मला वाटलं, ती लाजली. मी हसत हसत लिहिलं, अलका मदन कोठुळे.

तर ते पान. मी विचारलं, "नाशिकच का?"

"तिथं भाऊ हाय. म्या निघाले हुते त्येच्याकडंच. घाईनं बसले आन् चुकीच्या गाडीत बसले. उतरले तर चांदवणी." तिनं पान परत ओटीत घातलं. "आता पाटी वाचून जाईन. दिवाळी झाली की."

"एवढ्यासाठी थांबलीस? कुणाला विचारलं असतंस तर कुणीही सांगितलं असतं."

"इचारलं की माणूस ध्यानात ऱ्हातं, बाई."

हे वाक्य तिनं इतकं सरळ सांगितलं होतं की यापेक्षा सरळ सांगताच आलं नसतं. तरी मला ते कळलं नाही. मला ते आवडलं. दोन आठवड्यांनी तालुक्याहून साक्षरतेचे साहेब पाठ बघायला आले तेव्हा मी ते त्यांना ऐकवलं, बसची पाटी वाचण्यासाठी शिकणारी बाई म्हणून. त्यांनी डायरीत लिहून घेतलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

साहेबांना पाठ फार पसंत पडला. त्यांनी रमजानभाईंना विचारलं, "याची कॅसेट निघेल का?" रमजानभाईंचे मेहुणे चाळीस किलोमीटरवर कोंढारपूरला केबल चालवायचे. ठरलं. पाठ चालू असतानाच कॅसेट भरायची, साडेपाचच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कोंढारपूरला दाखवायची. कोंढारपुरात खाणी होत्या, खडीच्या मशिनी होत्या, अंगठेबहाद्दर माणसं शेकड्यांनी होती. पंधरा सप्टेंबरपासून कॅसेटी जायला लागल्या.

वायर वेशीपर्यंतच होती. मी सगुणाला सांगितलं तेव्हा ते खरं होतं. नंतर ते खोटं झालं, आणि ते तिला सांगावं हे माझ्या मनातही आलं नाही.

नाव निघण्याचा विषय मात्र मी सोडला नाही. सगुणा सगळ्यांत पुढे होती. इतर बायका काना-मात्रा गिरवत होत्या तेव्हा ती विड्यांच्या बंडलावरचं सगळं वाचायची, लहान अक्षरांतलंसुद्धा. तरी तिचं नाव निघालं नव्हतं. ठकूबाई मला अडवून म्हणायची, "आमच्या सगुणीनं काय पाप केलंय?" मी दोनदा विचारलं, दोनदा सगुणा नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी आळीत सगळ्यांसमोरच विचारलं. सगळ्या बायका तिच्या मागे लागल्या.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "लिवा. पन नुसतं सगुणा लिवा. फुडं काय नगं."

"बरं."

"नुसतं सगुणा, बाई."

"बरं म्हटलं ना."

तो मंगळवार होता, ऑक्टोबरातला. पाठ सत्ताविसावा. त्या पाठाला एरवीपेक्षा जास्त मोल होतं, कारण बुधवारी जिल्ह्याचे मोठे साहेब कोंढारपूरला येणार होते आणि तिथल्या कामगारांबरोबर बसून माझा पाठ बघणार होते. मी नवी साडी नेसले होते. शेवटच्या मिनिटाला मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, सगुणा.

फळा भला मोठा होता. त्यावर ते एकच नाव लटकल्यासारखं दिसत होतं. भांडी घासायला आलेल्या बाईला हाक मारतात तसं, बाप ना भाऊ, मागे ना पुढे. सव्वीस बायकांची नावं मी मानानं लिहिली होती आणि सगळ्यांत हुशार बाईचं असं लिहायचं? मला रजिस्टर आठवलं. माझ्याच अक्षरातलं. मी पुढे लिहिलं, मदन. मग कोठुळे. वरून एक लांब रेघ ओढली आणि बाजूला झाले.

रमजानभाईंनी आवाज बंद केला. खिडकीतून आळीतले आवाज यायला लागले. स-गु-णा. मग म-द-न. ठकूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पाऊण तासात सगुणा कंट्रोल रूमचा जिना चढून आली. सूप तसंच टाकून आली होती, मांडीवरची तंबाखूची धूळ लुगड्याला तशीच होती. रमजानभाई खाली दुकानात होते. मी टेबलाशी बसून होते आणि टेबलावर तपकिरी कागदात बांधलेली कॅसेट होती. पुडक्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, 'पाठ २७. कोंढारपूर.'

"बाई, तुमी नुसतं सगुणा म्हनला हुता."

"अगं, किती छान दिसलं. सगळ्या आळीनं वाचलं."

"वाचू द्या. आळीचं काय न्हाय." ती धापा टाकत होती. "वायर येशीपर्यंतच हाय ना?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"हाय ना, बाई? पल्याड जात आसंल तर आत्ता सांगा. कोंढारपुराला दिसत आसंल तर सांगा. मी पहाटंच्या गाडीनं पोरीला घिऊन जाते. पाटी वाचाया येती मला आता."

"कोंढारपूर? तिथे कोण आहे?"

तिनं डाव्या हाताची बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. मी पाहिलं ते पाहिलं. कोपरापासून दंडापर्यंत कातडी ओढली गेली होती, जुन्या भाजल्याची.

तिची नजर टेबलाकडे वळायला लागली. तिला वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं. मी शेजारचा तक्ता उचलला, सहज आवरल्यासारखा, आणि त्या पुडक्यावर ठेवला.

"नाही गं," मी म्हटलं. "कोंढारपूर कुठं आणि आपण कुठं. वायर वेशीपर्यंतच आहे."

तिनं डोळे मिटले, उघडले. पदरानं तोंड पुसलं. "तुमच्यावर इस्वास हाय म्हनून इचारलं," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी नंतर पुष्कळदा उकरून पाहिलंय. मोठे साहेब होते, नवी साडी होती, ते होतंच. पण आणखी एक होतं. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण आहे. रागाच्या भरात निघून आली असेल. आणि समजा त्यानं पाहिलंच नाव, आणि आला, तर काय वाईट, संसार पुन्हा जुळेल. लेकीला बाप मिळेल. दंड पाहून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि मला असं वाटत होतं. शिवाय खाणीवरचा माणूस, त्याला कुठलं वाचता येतंय, हेही वाटलं. मी स्वतःच्याच पाठावर विश्वास ठेवला नाही.

साडेपाचला रमजानभाईंनी पुडकं कंडक्टरच्या हातात दिलं.

त्यानंतर नऊ दिवस काही झालं नाही. मोठ्या साहेबांचं कौतुकाचं पत्र आलं. सगुणा पाठाला बसत होती. रस्त्यात भेटली तर हसायची. दिवाळीला दोन आठवडे राहिले होते आणि अलका वर्गात सगळ्यांना सांगत होती की आम्ही मामाकडे जाणार.

दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी एक माणूस ऑफिसात आला. मी आणि आमचे हेडमास्तर काळोखेगुरुजी बसलो होतो. माणूस चाळिशीच्या अलीकडचा, अंगानं किरकोळ, धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. भुवयांवर खडीची पांढरी धूळ बसली होती, धुतली तरी न जाणारी. हातात नारळ आणि कागदात गुंडाळलेले पेढे. त्यानं माझ्या हातावर एक पेढा ठेवला आणि वाकून पाया पडला.

"मला वळखलं न्हाय तुमी. मी तुमाला नेमानं बघतो."

"कुठे?"

"कोंढारपुरात. मशिनीवर काम करतो. जेवायच्या सुट्टीत हाटेलात टीव्ही आसतो. मशिनीच्या आवाजानं आईकू काय येत न्हाय, नुसतं तुमी लिवता ती दिसतं. तेवढ्यावर शिकलो."

गुरुजींनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. "घ्या बाई. नुसतं बघून शिकला माणूस."

"समदं न्हाय येत," तो ओशाळून म्हणाला. "माज्या नावापुरतं येतं. दावू का?"

गुरुजींनीच त्याच्या हातात खडू दिला. ऑफिसच्या छोट्या फळ्यावर, जिथे रोज हजेरीचा आकडा लिहायचो तिथे, तो लिहायला लागला. जीभ दातात धरून. आधी म, त्याची गाठ नीट, मग उभी रेघ. मग द, पोट जरा मोठं. मग न. आणि सगळ्यात शेवटी वरून एक लांब रेघ.

मदन.

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

"जिंदगीत पैल्यांदा कायतरी वाचलं ती ह्येच," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "भाकर खात हुतो. वर बघितलं तर टीव्हीत माजं नाव. मला वाटलं, आपल्यालाच भास हुतोय. मंग शेजारच्या मास्तराच्या पोराला इचारलं, ह्येच्या मागं काय लिवलंय रं? त्यो म्हनला, सगुणा." तो हसला. "पाच म्हैनं हुडकत हुतो, बाई. केबलवाल्यानं तुमचं गाव सांगितलं. तुमच्यामुळं घावली. कुठं ऱ्हाती?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"न्हाय कसं? तुमीच लिवलं."

"मला माहीत नाही," मी पुन्हा म्हटलं, आणि माझा आवाज इतका चिरका निघाला की गुरुजी चमकून माझ्याकडे बघायला लागले.

मदन रागावला नाही. त्यानं खडू जागेवर ठेवला, हात झटकले. "ऱ्हाऊ द्या. पोरगी तर साळंत असंल."

मी उभी राहिले. "शाळा सुटल्याशिवाय मुलीला कुणाबरोबर सोडता येत नाही."

"कुनाबरुबर कसं? बाप हाय मी." टेबलावर दुसरीचं रजिस्टर पडलेलं होतं. त्यानं ते विचारून घेतलं, गुरुजींना नमस्कार करून. उघडलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली जायला लागला. ओठ हलत होते. त्याला पूर्ण नावं येत नव्हती, तो फक्त मधलं नाव बघत होता. सतराव्या ओळीवर बोट थांबलं. "ह्ये बघा. म, द, न." त्यानं रजिस्टर गुरुजींपुढे फिरवलं. "अक्षर कुनाचं हाय?"

"बाईंचंच आहे," गुरुजी म्हणाले.

मी गुरुजींना बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला. दंडाचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, घरच्या भानगडीत शाळेनं पडायचं नसतं. कागदावर बाप आहे. उद्या तो साहेबांकडे गेला तर उत्तर तुम्ही देणार का?" त्यांनी शिपायाला पाठवून अलकाला बोलावून घेतलं.

अलका नाचत आली आणि दारातच उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. पाय एकत्र घेऊन नुसती उभी राहिली, आणि तिच्या पायाशी फरशी ओली झाली. मदननं आपल्या रुमालानं ती फरशी पुसली, मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि मला म्हणाला, "मी स्टँडवर हाय म्हनावं. येळ घी म्हनावं, गडबड न्हाय."

मी धावत सगुणाकडे गेले. तिला काय सांगितलं ते आठवत नाही. फक्त 'अलका' आणि 'स्टँड' हे दोन शब्द तिच्यापर्यंत पोचले. तिनं वळत असलेली विडी पुरी केली, दोरा बांधला, सूप भिंतीला लावून ठेवलं. ठकूबाई म्हणत होती, जाऊ नको, पोलिसात जाऊ, रमजानभाईला बोलवू. सगुणा म्हणाली, "पोरगी त्येच्या कडंवर हाय." एवढंच. घरात जाऊन तिनं एक पिशवी भरली.

रमजानभाई दुकान उघडं टाकून आमच्याबरोबर आले. स्टँडवर ते मदनला बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. चार माणसं जमली. मदन सगळ्यांना हात जोडत होता. "माजी बायकू हाय, माजी ल्येक हाय. इचारा तिला." लोकांनी सगुणाला विचारलं. सगुणा अलकाकडे बघत होती. अलकाचा दंड मदनच्या पंज्यात होता, हळुवार धरलेला, डावा दंड. सगुणा म्हणाली, "व्हय. नवरा हाय." लोक पांगले.

समोर दोन गाड्या उभ्या होत्या. डावीकडची नाशिक. पाटी लांबूनही दिसत होती. सगुणानं ती वाचली, मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होते. अक्षरांवरून डोळे डावीकडून उजवीकडे गेले आणि परत खाली आले. मदन दुसऱ्या गाडीसमोर जाऊन उभा राहिला आणि पाटीकडे बोट करून एकेक अक्षर लावायला लागला. त्याला नीट येत नव्हतं. त्यानं वळून सगुणाला विचारलं, "ही आपलीच का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "कोंढारपूर."

चढताना ती माझ्याजवळून गेली. मी म्हटलं, "सगुणा, मला..."

ती थांबली. रागावलेली नव्हती. एखाद्या हुशार मुलीचं गणित चुकावं आणि तिनं ते परत तपासून बघावं तशी तिनं माझ्याकडे बघितलं.

"वायर येशीपर्यंत हाय म्हनला हुता, बाई," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

मी पाठ बंद केले नाहीत. हे सांगायला मला लाज वाटते, पण केले नाहीत. साठ पाठ पुरे केले. फक्त शेवटचं मिनिट बंद केलं. बायकांनी विचारलं, मी वेळ पुरत नाही म्हणून सांगितलं. मार्चमध्ये तालुका साक्षर जाहीर झाला. मला शाल, प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात साहेबांनी बसची पाटी वाचणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली आणि टाळ्या पडल्या.

मे महिन्यात रमजानभाई माझ्या घरी आले. पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, आणि सांगितलं. मेहुण्याकडून कळलं होतं. खाणीत पावसाचं पाणी साचून राहिलं होतं, तिथे ती धुणं धुवायला गेली आणि पाय घसरला, असं नवऱ्यानं सांगितलं होतं. तिला जाऊन तीन दिवस झाले होते. अलकाला नाशिकचा मामा येऊन घेऊन गेला होता. तो कसा सापडला ते कुणाला माहीत नव्हतं. रमजानभाई म्हणाले, पोरीच्या दप्तरात म्हणे एक पान होतं, टेंभुर्णीचं, त्यावर पत्ता होता.

मी दुसऱ्याच दिवशी कोंढारपूरच्या चौकीत गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. दंडाचं, शाळेचं, तक्त्याचंसुद्धा. तिथल्या जमादारांनी मला ओळखलं. "टीव्हीवरच्या बाई ना तुम्ही?" म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. मी बोलत राहिले, ते मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे म्हणून एवढ्या लांब आलात. पण जबाब झालेत, कागद पुढे गेलेत. पाहणारं कुणी नाही. नवऱ्याचा जबाब सरळ आहे."

त्यांनी फाईल उघडून तो जबाब माझ्यापुढे ठेवला. दीड पान, जमादारांच्या अक्षरात. खाली सहीची जागा.

"एक मात्र आहे," ते कौतुकानं म्हणाले. "पूर्वी या खाणीवरच्या माणसांचे नुसते अंगठे घ्यायचो. शाईनं टेबल खराब व्हायचं. आता बघा, सही करतात."

मी बघितलं. 'म'ची गाठ नीट होती. 'द'चं पोट जरा मोठं होतं. अक्षरं आधी काढून घेतली होती आणि मग सगळ्यात शेवटी, हात न उचलता, वरून एक लांब रेघ ओढली होती, मी शिकवली होती तशीच.